महापूर ओसरल्यावरचा शेजारधर्म

कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या कांठीं नांदणाऱ्या शेतकऱ्यांस पूर ही नवी गोष्ट नव्हे. परंतु ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं, जेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी समजतात, तेथें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें. त्या नुकसानींतून लोक सांवरतात न सांवरतात तोंच जुलै २०२१ मध्यें पुन्हां महापूर आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें तर, ज्यास आपण अवर्षणाचा मुलूख म्हणून ओळखतों त्या मराठवाड्यांत व सोलापूरकडील भागांत, सीनाकांठचीं शेतें मातीसकट खरडून गेलीं. तेव्हां हा प्रश्न आतां एका नदीच्या खोऱ्यापुरता राहिलेला नाहीं. अशा प्रसंगीं सरकार व निरनिराळ्या संस्था मदत करितात, व ती त्यांनीं केलीच पाहिजे. पण बाहेरून येणारी मदत हमरस्त्यालगतच्या गांवीं आधीं पोंचते. आणि कोणाच्या गोठ्यांत किती गुरें होतीं, कोणाचा ऊंस किती महिन्यांचा होता, हें तिला ठाऊक नसतें. तें शेजाऱ्यास ठाऊक असतें. यास्तव ज्यांचीं शेतें उंचवट्यावर आहेत व ज्यांचें पुरांत विशेष कांहीं गेलें नाहीं, अशा आमच्या वाचकांनीं काय करावें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनें राबण्याची सावड व अनेक औतें एके दिवशीं एकाच्या शेतांत जुंपण्याचें इर्जिक, ह्या दोन्ही रीती आपल्याकडे जुन्या आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून त्या मागें पडल्या, तरी अजून विसरल्या गेलेल्या नाहींत. मात्र पुरानंतर त्या जशाच्या तशा लावतां येत नाहींत. सावडींत आज घेतलेला दिवस लवकरच फेडावयाचा असतो. पूरग्रस्ताजवळ फेडावयास दिवस नसतो. इर्जिकांत ज्याचें शेत त्यानें जेवण घालावयाचें असतें. ज्याच्या घरांत गाळ साचला आहे त्यास हें कसें साधावें? म्हणून जाणाऱ्यांनीं आपल्या भाकरी बांधून न्याव्या व दिवसांची फेड पुढील सालावर टाकावी. फेड मुळींच नको असें मात्र म्हणूं नये. मानी कुणब्यास फुकटचें घेणें जड जातें. सावडीच्या नांवानें दिलेलें तो संकोच न करितां घेतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांतलें सर्वांत किळसवाणें काम म्हणजे मेलेल्या जनावरांची विल्हेवाट. धनी खचलेला असतो, त्याच्या हातून तें होत नाहीं. तें शेजाऱ्यांनीं अंगावर घ्यावें. परंतु घाईनें पुरून टाकल्यास पुढें नुकसानभरपाईस पुरावा राहत नाहीं. म्हणून आधीं जनावराचीं छायाचित्रें घ्यावीं, कानांतील बिल्ल्याचा क्रमांक स्पष्ट दिसेल असें एक निराळें घ्यावें, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावें, आणि मग विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, खोल खड्डा खणून, वर चुना पसरून पुरावें. वाहत्या पाण्यांत लोटून देणें म्हणजे आपली पीडा खालच्या गांवीं धाडणें होय. जीं जनावरें वांचलीं त्यांस घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पूर्वीं टोंचल्या होत्या कीं नाहीं, याची विचारपूस करावी. गाळांत काम करणारांच्या पायांस जखमा असतील तर त्यांनीं गमबूट घातल्याशिवाय उतरूं नये. उंदीर व गुरें यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप जखमेवाटे अंगांत शिरतो. काम केल्यावर ताप व अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांस आपण गाळांत उतरलों होतों हें आवर्जून सांगावें.

विहिरीविषयीं थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे. पूर उतरतांच पंप लावून विहीर एकदम उपसून टाकण्याचा मोह होतो. परंतु सभोंवारची माती पाण्यानें तुडुंब भरलेली असतां आंतील पाण्याचा आधार झटकन काढून घेतला तर बांधकाम आंत ढासळतें. म्हणून भोंवतालचें पाणी जिरूं द्यावें व मग उपसा हळूहळू करावा. गाळ काढून नवें पाणी भरल्यावर ब्लीचिंग पावडर घालावी. चांगल्या पावडरीचें प्रमाण सामान्यतः दर हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम असें धरतात. विहिरीचा व्यास चार मीटर व पाणी पांच मीटर असेल, तर तींत सुमारें ६२,८०० लिटर पाणी असतें, व त्यास सुमारें १५७ ग्रॅम पावडर लागते. पुराचें पाणी शिरलेल्या विहिरीस प्रथम याच्या दुप्पट घालणें बरें. पावडर बादलींत कालवून, चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलींत ओतून ती विहिरींत सोडावी व बादली खालींवर हलवावी. हें सायंकाळीं केल्यास सकाळीं पाणी भरतां येतें. तरीहि पिण्याचें पाणी कांहीं दिवस उकळूनच घ्यावें. मोटारीविषयीं इतकेंच कीं, बुडालेली मोटार व स्टार्टर पूर्ण वाळवून तारकामगाराकडून तपासल्यावांचून कळ दाबूं नये.

वांचलेल्या गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न त्याहून कठीण. मध्यम जनावरास दिवसाकाठीं आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो. एका बैलजोडीचा महिन्याचा हिशेब मांडला तर गंज किती लवकर उतरेल तें ध्यानांत येईल. भिजून बुरशी आलेला कडबा घालूं नये. ऊंसाच्या मुलुखांत अशा वेळीं नुसतें वाढें घालण्याची चाल आहे. पण वाढ्यांतील ऑक्झॅलेटमुळें जनावराच्या अंगांतील चुना कमी होतो, तेव्हां त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी व जोडीला थोडा कोरडा कडबा द्यावा. कडबा देण्यापेक्षांहि मोठी मदत म्हणजे जनावरच आपल्या गोठ्यांत नेऊन दोन महिने संभाळणें. कारण चारा संपला कीं व्यापारी दारीं येतो व दुभती म्हैस पडेल त्या किंमतीस उचलतो. त्या व्यापाऱ्याच्या आधीं आपण जाऊन ती स्वस्तांत विकत घेणें यास कांहीं लोक मदत म्हणतात. आम्ही म्हणत नाहीं.

आतां ऊंस. पाणी चढलें तरी शेंडा पाण्याबाहेर राहिला व पोंग्यांत गाळ शिरला नाहीं, तर ऊंस पुष्कळदां तगतो. पण शेंडा बुडून कुजला, कीं कांडीवरील डोळे फुटूं लागतात. कांडींत सांठलेली साखर त्या फुटव्यांच्या पोषणांत खर्ची पडते आणि ऊंस दिवसेंदिवस हलका व पोकळ होतो. असा ऊंस हंगाम सुरू होतांच कारखान्यास गेला तरच चार पैसे हातीं लागतात. त्याच्या नोंदीप्रमाणें पाळी फाल्गुनांत आली तर सरपण उरतें. येथें उंचवट्यावरच्या शेतकऱ्याची खरी परीक्षा आहे. त्यानें आपली तोडणीची पाळी पूरग्रस्तास दिली पाहिजे. यांत त्याचा तोटा कांहींच नाहीं असें सांगून आम्ही वाचकांस फसवूं इच्छीत नाहीं: खोडवा मागें पडतो, आणि उन्हाळा लागेपर्यंत ऊंस उभा राहिला तर वजन घटतें. परंतु उत्तम उभ्या ऊंसाचा साखर-उतारा थंडींत वाढत जातो. तेव्हां कार्तिकांतली पाळी पौषापर्यंत लांबविल्यानें निरोगी ऊंसाची फारशी हानि होत नाहीं, आणि त्याच सहा-सात आठवड्यांत कुजका ऊंस मात्र मातीमोल होतो. अशी अदलाबदल एकेकट्यानें करूं गेल्यास टोळीचा मुकादम व गटाचा कर्मचारी यांच्या हातीं ती सांपडते. म्हणून गांवाने बसून पूरग्रस्त प्लॉटांची यादी करावी व ती कारखान्याच्या शेती-विभागास एकदम द्यावी.

जमिनीचें नुकसान दोन प्रकारचें. जेथें पातळ गाळ बसला तेथें वाफसा आल्यावर नांगरून तो मातींत मिसळावा, पुष्कळदां तो पुढें पिकास मानवतो. जेथें वाळू बसली वा काळी माती वाहून खालचा मुरूम उघडा पडला, तेथें तळ्यांतला गाळ आणून घातल्याशिवाय गत्यंतर नाहीं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर व ट्रॉली आहे त्यानें डिझेलाचा खर्च घेऊन चार खेपा टाकणें ही मदत पैशाहून मोलाची. बांध वाहून गेले असल्यास पेरणीच्या आधींच दोन्ही शेजाऱ्यांनीं चार वृद्धांसमक्ष खुणा ठेवाव्या. एकदां पेर झाली कीं एकेक फुटावरून तंटे लागतात व दहा-दहा वर्षें कचेरींत चालतात. रब्बीसाठीं हरभरा व ज्वारीचें बियाणें उसनें द्यावें, पण तें जितक्यास तितकें. सवाई-दिढीनें दिलेलें धान्य हें उसनें नव्हे, सावकारी होय.

पंचनाम्याच्या वेळीं शेजारी हा पंच असतो. ज्यांस आपण तलाठी म्हणत आलों ते आतांचे ग्राम महसूल अधिकारी शेतावर येतील त्या दिवशीं घरांतील वृद्धा किंवा विधवा एकटी पडूं नये, याची काळजी घ्यावी. पीक-नुकसान ३३ टक्के वा त्याहून अधिक असल्यास सरकारी मदत मिळते, म्हणून कांहीं पंच सर्वांचेंच नुकसान सरसकट तेवढें लिहवितात. यानें भलें होत नाहीं. संशय आला कीं खऱ्या पूरग्रस्ताचा कागदहि अडतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, व ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस लागू पडते. मदतीची रक्कम सातबाराच्या धन्याच्या नांवें जमा होते. शेत वाट्यानें कसणाऱ्याचें नांव त्यांत नसतें. बियाणें त्यानें घेतलें, खत त्यानें उधारीनें आणलें, मेहनत त्याच्या घरच्यांची, पीक बुडालें तें त्याचें. आणि पैसा धन्याच्या खात्यांत. कायद्यानें हा पैसा धन्याचा असेल, पण न्यायानें तो, ज्यानें जितका खर्च सोसला त्या प्रमाणांत वांटला पाहिजे. निम्मा खर्च वाटेकऱ्याचा असेल तर निम्मी रक्कम त्याची. ती त्याच्या जुन्या उचलींत वळती करून घेणें हेंहि अनुचित आहे, कारण पुढील पेरणीस त्याच्या हातीं रोकड हवी असते. ज्यांस एक गुंठाहि जमीन नाहीं त्या मजुरांचा तर पंचनाम्यांत पिकाखालीं उल्लेखच येत नाहीं. त्यांचा सारा हंगाम बुडालेला असतो. म्हणून सावड व इर्जिक हें हात आंखडलेल्या लहान शेतकऱ्याच्या शेतापुरतेंच राखावें. ऐपतदारानें आपल्या शेतांतला गाळ गांवच्या मजुरांकडून, चालू दरानें, आठवड्याच्या आठवड्यास रोख मजुरी देऊन काढावा. शहरांतून उत्साहानें आलेल्या स्वयंसेवकांस त्यानें शाळा, विहिरी व पूरग्रस्त मजुरांचीं घरें साफ करण्याकडे वळवावें.