सात ते साडेआठ : मोबाईल बाजूला, पण सगळ्यांचा



"सर, मुलगा मोबाईल सोडतच नाही हो!" हे वाक्य प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं. त्यावरचा उपायही ठरलेला असतो : मोबाईल काढून घ्यायचा. दोन दिवस रुसवेफुगवे होतात, तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे येतात किंवा आईला निवांत स्वयंपाक करायचा असतो, आणि मोबाईल पुन्हा मुलाच्या हातात जातो. असं का होतं? कारण मोबाईल फक्त मुलाचा काढलेला असतो. घरातले बाकीचे सगळे तर स्क्रीनसमोरच असतात.

एका गावाने काय केलं?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोविडच्या काळात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाईलवर आला. शाळा सुरू झाल्या तरी मोबाईल काही हातातून सुटला नाही. मुलांचं वाचन-लेखन कमी झालं. शिवाय खेड्यातल्या घरात अभ्यासाची वेगळी खोली नसते. जिथे टीव्ही चालू, तिथेच दप्तर उघडायचं!

ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावात महिलांची सभा झाली आणि भोंगा आणायचं ठरलं. रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. ८.३० ला पुन्हा भोंगा वाजला की वेळ संपली. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन लोकांना समजावत होते.

यात तीन गोष्टी लक्षात घ्या. वेळ ठरलेली होती. नियम लहान-मोठ्या सगळ्यांना होता. आणि वेळ छोटी होती, फक्त दीड तास. "मोबाईल कायमचा बंद" असं कोणी म्हटलं नाही, म्हणून लोकांना ते जमण्यासारखं वाटलं.

फोन दुसऱ्या खोलीत का?

"सायलेंटवर आहे की," असं मुलं म्हणतात. पण अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्या टेबलावर फोन ठेवलेल्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या. फोन तर सगळ्यांचेच सायलेंट होते! नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक इतका दिसला नाही. तरी घरात करून पाहायला काहीच खर्च नाही. उशाखाली किंवा दप्तराशेजारी नको, फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवा.

घरी सुरुवात कशी करायची?

१. वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. मुलांनाही विचारा. सुरुवातीला अर्धा ताससुद्धा पुरे.

२. फोन बंद करायची गरज नाही. इंटरनेट बंद करा, रिंग मोठी ठेवा. गावाकडून आजी-आजोबांचा फोन आला तर तो घ्यायचाच. बाबा बाहेरगावी असतील किंवा कोणाची ड्युटी असेल तर ते मुलांना आधीच सांगा. नाहीतर "तुम्हाला चालतं, मग मला का नाही?" हा प्रश्न येणारच.

३. मोबाईल जी कामं करतो, त्यांची सोय आधी करा. भिंतीवर चालू घड्याळ, उठण्यासाठी गजराचं घड्याळ, हाताशी शब्दकोश, थोडे सुटे पैसे. आई-बाबांचे नंबर वहीत लिहून पाठ करून घ्या. संकटात ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८, हेही पाठ हवेत. मोबाईलमध्ये सेव्ह असलेला नंबर, मोबाईल हातात नसताना काय कामाचा?

४. पहिले काही दिवस "कंटाळा आला" हे ऐकायची तयारी ठेवा. लगेच काहीतरी करमणूक शोधून देऊ नका. थोड्या वेळाने मूल स्वतःच पत्ते, चित्रकलेची वही, नाहीतर आजीची गोष्ट शोधतं.

शिक्षकांचा वाटा

आता आपल्याबद्दल बोलूया. गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी साडेसातला आला, तर त्या घरात मोबाईल बंद राहील कसा? मूल म्हणणार, "बाईंनी अभ्यास पाठवलाय," आणि ते खरंच असतं. अभ्यास बघून झाला की मग व्हिडिओ सुरू होतात.

म्हणून गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून मुलांच्या वहीत उतरवून घ्यावा. ग्रुपवरच्या सूचना शाळा सुटायच्या आत पाठवाव्यात. पीडीएफ दिलीच, तर ती न उघडताही अभ्यास पूर्ण होईल असं बघावं. ज्या घरात एकच मोबाईल असतो आणि तो रात्री उशिरा कामावरून परत येतो, त्या मुलालाही याचा मोठा फायदा होतो. त्याचा अभ्यास कोणाच्या फोनवाचून अडत नाही.

भोंगा प्रत्येक गावात, प्रत्येक सोसायटीत वाजेलच असं नाही. शाळेने आणि पालकांनी मिळून एक वेळ तर नक्की ठरवता येईल. पुढच्या पालकसभेत हा एकच विषय घ्या. आणि हो, त्या सभेत आपण सगळ्यांनीच आपापले फोन पिशवीत ठेवूया. मुलं आपल्याकडेच बघत असतात.