संस्थेचें दप्तर, स्कॅनिंग व त्याचें अंदाजपत्रक

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागल्यापासून गांवोगांवच्या सहकारी संस्थांतही ‘आपलें दप्तर स्कॅन करून टाका’ असा आग्रह होऊं लागला आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें चार शब्द सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण या कामीं आम्ही स्वतः ठेंच खाल्ली आहे.

निवृत्तीनंतर गांवच्या संस्थेचें दप्तर आमचेकडे आलें. दर पानास सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम दिलें, आणि चित्रें हातीं येतांच जुन्या वह्या रद्दींत घालण्यास आम्हींच संमति दिली. पुढें एका दिवंगत सभासदाच्या पत्नी भागाची रक्कम मागण्यास आल्या. तीन दिवस आम्ही संगणकापुढें बसलों. चित्रांस नुसते अनुक्रमांक. वही कोणती, वर्ष कोणतें, कांहीं कळेना. अखेर पान सांपडलें, तें शिवणीजवळ काळें झालेलें. अर्धें नांव व रक्कम दोन्ही गडप! बाईंच्या पेटींत मूळ पावती निघाली म्हणून त्यांचा हक्क वांचला. आमची मान मात्र खालीं गेली.

मोजणी व चाळणी.— प्रथम दप्तर मोजावें. त्यास फूटपट्टी पुरे. साध्या कागदाच्या ५०० पानांची रीम सुमारें ५ सेंटीमीटर जाड असते. म्हणजे सेंटीमीटरास १०० पानें. घड्या पडलेल्या जुन्या कागदांचीं ७० धरावीं. फडताळांत ३ मीटर दप्तर असल्यास २१,००० पानें झालीं. निम्मीं पानें पाठपोट लिहिलेलीं धरल्यास ३१,५०० बाजू होतात. मग चाळणी लावावी. सभासद व भाग यांच्या नोंदवह्या, सभांचीं इतिवृत्तें, खतावण्या, जमिनीचे करार हीं आधीं घ्यावीं. मुदत संपलेल्या किरकोळ पावत्यांवर पैसा घालूं नये. तिसरा हिस्सा उरला तर काम १०,५०० बाजूंचें.

खर्च.— यंत्राची किंमत सर्वांस दिसते. हातांची मजुरी कोणी धरीत नाहीं. टांचण्या काढणें, घड्या सरळ करणें, प्रत्येक चित्र तपासणें व त्यास वहीचें नांव, वर्ष व पृष्ठांक देणें, यांतच बहुतेक वेळ जातो. रीत कळावी म्हणून आंकडे मांडतों. दर ज्यानें त्यानें आपल्या गांवचे घालावे. दोन माणसें मिळून दिवसास ५०० बाजू पुऱ्या करतील तर २१ दिवस लागतील. प्रत्येकीं रोज ५०० रुपये धरल्यास मजुरी २१,००० रुपये, वरून चित्र घेणारें यंत्र १५,०००, दोन हार्ड डिस्क १०,०००, एकूण ४६,०००. अनपेक्षित खर्चास दहावा हिस्सा, म्हणजे ४,६००, जोडून ५०,६०० रुपये. काम बाहेर दिल्यास आधीं १०० पानांचा नमुना करून घ्यावा, आणि तपासणी झाल्याविना शेवटचा हप्ता देऊं नये.

चित्रें.— इंचास ३०० ठिपके ही मर्यादा बहुतेक लेखनास पुरते. ए-४ पानाचें रंगीत चित्र न दाबतां ठेवल्यास सुमारें २६ मेगाबाइट जागा घेतें. १०,५०० बाजूंस सुमारें २७३ गिगाबाइट. एक टेराबाइटची डिस्क सहज पुरते. परंतु दोन प्रती हव्याच, व दुसरी निराळ्या इमारतींत. शिवलेली वही यंत्रासाठीं उसवूं नये.

मूळ कागद.— चित्र झालें म्हणून मूळ कागद निरुपयोगी होत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणें संगणकीय नोंद पुराव्यास देतांना तीबरोबर प्रमाणपत्र जोडावें लागतें. सभासदांच्या हक्काचा मूळ कागद कोरड्या जागीं, वाळवीपासून दूर, जपूनच ठेवावा.

पावसाळी हवेंत कागद सर्दावतात व एकमेकांस चिकटतात. सबब हें काम उन्हाळ्यांत करावें. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरते. तींत अंदाजपत्रक मंजूर करून घेतल्यास तयारीस पुरता अवधि मिळतो. शेतकरी बंधूंनीं यंत्राची चौकशी करण्यापूर्वीं एकदां फडताळ उघडून फूटपट्टी लावावी, एवढीच आमची विनंती आहे.