मासळीच्या गाडीचे स्टिअरिंग : पार्ट बदलण्याआधी रिमचा ऑफसेट बघा



१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. या दिवसांत आपण जाळी शिवतो, इंजीन उघडतो. पण मालीम जेटीवरून म्हापसा, डिचोली, पेडण्याच्या बाजारात नुस्ते पोचवणारी गाडी तशीच राहते. बर्फाचे खारे पाणी तिच्याखाली ठिबकत असते. बॉल जॉइंट, टाय रॉड एंडचे रबर फाटले की तेच पाणी आत शिरते, ग्रीस जाते, गंज चढतो आणि स्टिअरिंगला खेळ येतो.

नवा पार्ट घालूनही तो लवकर गेला, तर लगेच पार्टला दोष देऊ नका. आधी रिम बघा. रुंद अलॉय किंवा स्पेसर घातला असेल तर ऑफसेट बदललेला असतो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला टेकते ती जागा, यांतले अंतर. बहुतेक अलॉय रिमवर ‘ईटी ४५’ असा आकडा असतो, तो मिलिमीटरमध्ये. ४५ च्या जागी तेवढ्याच रुंदीची २५ ची रिम घातली, तर चाक २० मिमी बाहेर येते. २० मिमीचा स्पेसरही तेच करतो.

सुकाणूचेच बघा ना. पाते आसापासून लांब गेले की दांडा हाताला जड लागतो. चाक बाहेर गेले की तसेच होते: प्रत्येक खड्ड्याचा झटका टाय रॉडवर, बेरिंगवर आणि हातावर जास्त येतो. उलट आकडा फार वाढला, तर टायर आत सरकून टाय रॉडला किंवा सस्पेन्शनला घासू शकतो.

म्हणून एवढे करा:

१. पार्ट घेताना चेसिस नंबर सांगा, जुना पार्ट सोबत न्या. लांब टाय रॉड घालून ऑफसेटची भरपाई होत नाही.
२. रिम कंपनीच्या मूळ आकड्याचीच ठेवा. स्पेसर काढून टाका.
३. पार्ट बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, कुठे घासते का बघा. मग अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी भरू नका.

टाय रॉड एंड निखळला तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. पहाटेचा काळोख, भरलेली गाडी आणि रस्त्यावर आपलीच माणसे. १ ऑगस्टला होडी पाण्यात जाण्याआधी गाडीही एकदा वर चढवून खालून बघून घ्या.