फ्लिंटच्या पाण्यात काय नव्हतं?

गंज म्हटलं की आपल्याला रेड ऑक्साईड आणि ऑइलपेंट आठवतो. धातू आणि पाणी यांच्यामध्ये पडदा टाकला की झालं. पण जमिनीखाली गाडलेल्या पाईपला आतून रंग कोण लावणार? तिथे वेगळी युक्ती चालते. पाण्यातच एखादं रसायन अगदी थोडं, लिटरमागे काही मिलिग्रॅम, घालायचं. ते धातूच्या पृष्ठभागावर पातळ थर तयार करतं आणि गंजण्याची क्रिया मंदावते. याला म्हणतात कोरोजन इनहिबिटर, म्हणजे गंजरोधक.

आता हे रसायन घातलंच नाही तर काय होतं? त्यासाठी अमेरिकेत जाऊ. मिशिगन राज्यातलं फ्लिंट, तेव्हा लाखभर वस्तीचं गाव. गावाची तिजोरी रिकामी, कारभार राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातात. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायचे म्हणून डेट्रॉइटहून येणारं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी शुद्ध करून द्यायला सुरुवात झाली.

डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट असायचं. फ्लिंटमध्ये रस्त्याखालच्या मुख्य लाइनपासून घरापर्यंत येणारे कितीतरी जुने पाईप शिशाचे होते. फॉस्फेट आणि शिसं एकत्र आले की लेड फॉस्फेटचा थर बसतो. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून शिसं भिंतीलाच राहतं. नव्या पाण्यात फॉस्फेट नव्हतं. उलट नदीच्या पाण्यात क्लोराईड जास्त, म्हणजे ते पाणी धातू जास्त खाणारं. वर्षानुवर्षांचा थर सुटायला लागला. लोखंडी पाईपांचा गंज नळातून तांबूस पाणी बनून आला, तो दिसला तरी. शिसं मात्र दिसत नाही, त्याला चव नाही, वासही नाही.

आणि हे बघा, ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते! इंजिनाला चालेना ते पाणी माणसं मात्र आणखी वर्षभर पीत राहिली. अधिकारी सांगत होते, पाणी सुरक्षित आहे. एवढ्या मोठ्या शहराला गंजनियंत्रण चालू ठेवणं केंद्राच्या नियमानुसार बंधनकारक होतं. राज्याच्या खात्याने अर्थ असा लावला की आधी सहा-सहा महिने दोनदा तपासू, मग ठरवू. माझ्या मते रसायनशास्त्राचं इथे काहीच चुकलं नाही, चुकलं ते टेबलावर.

सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतीशा यांनी आकडे मांडले. रक्तात शिसं वाढलेल्या लहान मुलांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ती भरून येत नाही. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचं पाणी परत आलं, डिसेंबरपासून जादा फॉस्फेटही. पण थर काही एका रात्रीत बसत नाही, त्याला महिने लागतात.

म्हणजे इनहिबिटर एकदा लावून विसरायची वस्तू नाही, तो सतत पुरवावा लागतो, आणि तोही पुरेसा. बंद यंत्रणांमध्ये वापरतात त्या नायट्राइटचंच घ्या. ते कमी पडलं तर बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो, पण उघड्या राहिलेल्या ठिपक्यांवर सगळा गंज एकवटतो आणि तिथे आरपार भोक पडतं. अर्धवट डोस कधीकधी काहीच न घालण्यापेक्षा वाईट, तो असा.

हाच हिशोब आपल्या गाडीतही आहे. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर इनहिबिटर असतात. ते हळूहळू खर्च होतात, रंग मात्र हिरवागार राहतो. म्हणून रंग बघून ठरवू नका, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत कूलंट बदला. पातळी खाली गेली की नळाचं पाणी ओतायची सवय असेल तर दरवेळी इनहिबिटर पातळ होतो, शिवाय पाण्यातले क्षार आत जातात. कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला. त्यात पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि वेगळ्या प्रकारचं कूलंट त्यात मिसळू नका.