दोन तलाव आणि एक लेखणी

बेळ्ळंदूर हा बंगळूर शहरातील सर्वांत मोठा तलाव. सुमारे नऊशे एकरांचा हा मानवनिर्मित जलाशय एके काळी भोवतीच्या शेतीला पाणी पुरवीत असे. पुढे शहर वाढले, त्याचे सांडपाणी येथे येऊ लागले आणि तलाव वेगळ्याच कारणाने देशभर गाजला. मे २०१५ मध्ये त्यावरील फेसाने चक्क पेट घेतला. जानेवारी २०१८ मध्ये तलावातील वाळलेले गवत पेटले, तेव्हा आग विझविण्यासाठी लष्कराचे जवान उतरले होते.

या फेसाचे शास्त्र अभ्यासकांनी उलगडून दाखविले आहे. कपडे धुण्याच्या पावडरीतील फेसाळणारी द्रव्ये गाळाला चिकटून तळाशी साचतात. पावसाने प्रवाह वाढला की गाळ ढवळला जातो आणि बांधावरून कोसळणाऱ्या पाण्याचा डोंगराएवढा फेस होतो. हे सारे अहवालांत नोंदलेले आहे. तथापि अहवाल वाचून तलावाचा रोग कळतो. तलाव मात्र डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

तो उभा करणे हे निसर्गलेखकाचे काम होय. मराठीत त्याचा उत्तम दाखला दुसऱ्या एका मानवनिर्मित तलावाने दिला आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध येथे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून काम केले. वनशास्त्राचे शिक्षण त्यांनी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात घेतले, तर संस्कृतचे अध्ययन पुढे स्वतंत्रपणे केले. या दोन विद्यांच्या जोडीला त्यांनी वनवासी व स्थानिक जाणकारांकडून जंगल समजून घेतले. त्यातून ‘नवेगावबांधचे दिवस’सारखे पुस्तक आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा हा लेखक छत्तीस वर्षे सरकारी नोकरीत होता, ही गोष्ट कार्यालयात बसणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावी.

बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांच्या विणीच्या सामूहिक वसतिस्थानाला चितमपल्लींनी ‘सारंगागार’ हा शब्द दिला, तर कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. अनेक पक्षी एकाच जागी घरटी करतात, हे निरीक्षण त्या शब्दात सामावले आहे आणि तो कानालाही गोड लागतो. विज्ञान व कला यांचा मेळ म्हणतात तो याहून निराळा नसावा. प्रथम पाहणे अचूक हवे. शब्द त्यामागून येतो.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ या वानरांच्या कादंबरीचेही असेच आहे. टोळीवरील वर्चस्व एका नराकडून दुसऱ्याकडे कसे जाते, याचा अभ्यास सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात कर्नाटकातीलच धारवाडजवळ केला होता. माडगूळकरांनी तो विषय कादंबरीच्या रूपाने मराठीत आणला. १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या तोंडी माणसांची शहाणपणाची भाषणे घातली असती, तर पुस्तक पंचतंत्राची नक्कल झाले असते.

आपल्याकडे पुष्कळसे निसर्गवर्णन ‘निसर्गरम्य’ या एका विशेषणावर भागते. त्यात झाडाचे नाव नसते, ऋतू नसतो; असते ती लेखकाची मनःस्थिती. अशा लेखणीला बेळ्ळंदूर पेलणार नाही. उदाहरणार्थ, या तलावावर पसरलेली जलपर्णी. नाव किती सुंदर, फुले जांभळट व देखणी! ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. केवळ शोभेसाठी तिला देशोदेशी नेण्यात आले. सांडपाण्यातील फॉस्फरस व नायट्रोजनवर ती भराभर वाढते, आणि कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू संपवून माशांचा श्वास कोंडते. फुलाचा रंग आणि हा कोंडलेला श्वास एकाच परिच्छेदात यावयास हवेत. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येऊन या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी वर्षभर, प्रत्येक ऋतूत, वही घेऊन या काठावर गेले, तर त्यास लिहिण्याजोगे पुष्कळ सापडेल.