दूध-विक्रीचे स्वयंचलित यंत्र : खरेदीपूर्वी करावयाचा हिशेब

संकलन केंद्रावर दुधाला मिळणारा भाव आणि शहरातील गिऱ्हाईक मोजीत असलेला भाव यांतील अंतर शेतकरी बांधवांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. त्यातील काही भाग आपल्या पदरात पडावा या हेतूने दूध-विक्रीचे स्वयंचलित यंत्र घेण्याकडे अनेकांचा कल दिसतो. ही कल्पना अगदी नवी नव्हे. दिल्लीत १९७४ साली स्थापन झालेल्या मदर डेअरीने टोकन टाकताच सुटे दूध देणारी केंद्रे चालविली. आता टोकनाऐवजी कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे देता येतात, एवढाच मुख्य फरक.

यंत्राची रचना

यंत्रात स्टेनलेस स्टीलची टाकी, दूध थंड ठेवणारे शीतयंत्र, ढवळणी आणि माप देणारा पंप असतो. ढवळणी बंद पडल्यास साय वर चढते व टाकीच्या तळाशी असलेल्या तोटीतून आरंभीच्या गिऱ्हाइकांना पातळ दूध मिळते. दूध सुमारे ४ अंश सेल्सिअसवर राहिले पाहिजे. सबब वीज गेल्यास काय सोय करावयाची, हे आधीच ठरवावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्र दूध थंड ठेवते. ते शुद्ध करीत नाही. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवून त्वरित थंड करावे व मगच टाकीत भरावे. कालचे उरलेले दूध ताज्या दुधात कदापि मिसळू नये.

हिशेबाची रीत

पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, यंत्र व अनुषंगिक साहित्य ३ लाख रुपयांचे असून ते ५ वर्षे चालेल. मग दरमहा खर्च येणेप्रमाणे होईल :

यंत्राची झीज – ५,००० रु.
कर्जाचे व्याज – २,५०० रु.
वीज व धुलाई – ४,००० रु.
जागाभाडे – ३,५०० रु.
माणसाची मजुरी – ६,००० रु.
एकूण – २१,००० रु.

म्हणजे रोजचा खर्च ७०० रुपये. दूध तापविणे व वाहतूक यांचा खर्च वजा जाता संकलन केंद्राच्या भावापेक्षा लिटरमागे १० रुपये अधिक मिळत असतील, तर रोज ७० लिटर विक्री झाल्यावरच तोंडमिळवणी होते. अर्धा लिटर घेणारी ती १४० गिऱ्हाइके होत. नफा त्यापुढे सुरू होतो. घरच्या माणसाची मजुरीही हिशेबात धरावी.

एका शेतकऱ्याने विक्रेत्याच्या सांगण्यावरून कर्ज काढून ५०० लिटरचे यंत्र घेतले. विक्री ६० लिटरांच्या पुढे गेली नाही. उरलेले दूध रोज संध्याकाळी केंद्रावर न्यावे लागे, आणि हप्ता मात्र थांबत नसे. त्यांचे दूध उत्तम होते. चूक झाली ती गिऱ्हाइके मोजण्यापूर्वी टाकी निवडण्यात.

स्वच्छता व कायदा

टाकी रिकामी होताच प्रथम कोमट पाण्याने धुवावी. आरंभीच कढत पाणी वापरल्यास दुधातील प्रथिने टाकीला चिकटून बसतात. नंतर गरम पाणी व धुण्याचा सोडा वापरून नळ्या व तोटी धुवावी आणि शेवटी स्वच्छ पाणी सोडावे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घ्यावा. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे मापाची पडताळणीही करून घ्यावी.

प्रथम हे करावे

यंत्र घेण्यापूर्वी नियोजित जागी पंधरा दिवस साध्या कॅनमधून, बर्फात थंड ठेवून, दूध विकून पाहावे. रोजची विक्री वहीत टिपावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जाच्या अर्जापूर्वी ही वही अवश्य पाहावी. वहीतील आकडा तोंडमिळवणीच्या आकड्याहून कमी असेल, तर यंत्र घेण्याची घाई करू नये. चारपाच उत्पादकांनी मिळून एक यंत्र चालविणे शक्य आहे काय, याचा विचार अशा वेळी करणे इष्ट होय.