आधी पाणी, मग दगड
खाणीनंतरची जमीन : भाग 6

खाण बंद करण्याचा आराखडा कागदावर देखणा असतो. आज उघडा खड्डा, काही वर्षांनी तिथे झाडी. मधल्या काळात उकरलेला दगड कुठे ठेवायचा आणि त्यावर पडणारं पाणी कुठून न्यायचं, याला मात्र ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून दोन ओळी मिळतात. खरा धोका त्याच दोन ओळींत दडलेला असतो.

जुलै 2021 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने हे सोसलं. लोहखनिजाच्या खाणीचा खड्डा पावसाने भरला होता. पाणी अडवून धरणारी डोंगराची कड खचली आणि तांबडा चिखल घेऊन ते पाणी खालच्या वस्तीत आणि बागायतीत घुसलं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये तर साफसफाई चालू असतानाच अनर्थ झाला. 5 ऑगस्ट 2015 रोजी गोल्ड किंग या जुन्या सोन्याच्या खाणीत सरकारी पर्यावरण खात्याचं पथक बोगद्याच्या तोंडाशी काम करत होतं. भराव उकरताना मागे तुंबलेलं पाणी फुटलं. सुमारे 1 कोटी 10 लाख लिटर धातुमिश्रित पाणी अ‍ॅनिमस नदीत गेलं आणि नदी नारिंगी झाली.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पडला, तर 10 लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. आपल्याकडे जुलैत एका दिवसात इतका पाऊस नवलाचा नाही. दहा हेक्टरच्या उघड्या खाणीवर त्या दिवशी हजार टँकर ओतले जातात.

म्हणून पहिलं काम खाणीच्या वरच्या अंगाला. डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी खाणीत शिरण्याआधीच माथ्यावरच्या चराने वळवून नाल्याला सोडायचं. एकदा ते गढूळ पाण्यात मिसळलं की सगळंच गढूळ आणि सगळंच सांभाळायची जबाबदारी आपली. हा चर खणायला लागतो थोडा खर्च आणि थोडे दिवस, पण तो मे संपण्याआधी तयार हवा. जूनमध्ये खणलेला चर स्वतःच गाळ वाहून आणतो.

आता दगड. खडक फोडला की तो फुगतो. मूळ जागेच्या दीडपटीच्या आसपास जागा मागतो. त्यामुळे जितकं काढलं तितकं खड्ड्यात परत मावत नाही आणि ढीग बाहेर राहतोच. तो नाल्यापासून दूर, उंच आणि दाबून घट्ट केलेल्या जमिनीवर रचावा. उतार सौम्य ठेवावा, मध्ये पायऱ्या सोडाव्यात, पायथ्याशी दगडी बांध घालावा. सुटा दगड आपोआप साधारण 35 ते 37 अंशांवर थांबतो. त्यात चिकणमाती असेल आणि ती भिजली, तर तो भरवसा संपतो. गंधकयुक्त खनिज असलेला दगड तर वेगळाच ठेवावा आणि ताडपत्रीने झाकावा, कारण हवा आणि पाणी मिळालं की त्यातून आम्ल झिरपतं.

ढिगावरून उतरणारं पाणी गाळाच्या तळ्यात न्यायचं, एवढं सगळे सांगतात. तळं नेमकं काय करू शकतं, ते कोणी सांगत नाही. बारीक वाळूचा कण एक मीटर खोल तळाला दोन-तीन मिनिटांत बसतो. त्याच्या दशांश आकाराच्या कणाला तीन-चार तास लागतात. चिकणमातीच्या कणाला दोन आठवडे! भर पावसात तळ्यातलं पाणी दोन आठवडे थांबत नाही, ते सांडव्यावरून निघून जातं. तिथे तुरटीसारखं काहीतरी वापरून कणांचे गठ्ठे बांधावे लागतात. आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर तळ्यातला गाळ उपसावा लागतो. भरलेलं तळं म्हणजे नुसता सपाट रस्ता.

गोव्यात याची किंमत गावांनी मोजली आहे. तिथे एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड निघत आला आणि डिचोली, सत्तरी, सांगेत त्याचे डोंगर उभे राहिले. कित्येक तर खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने 5 ऑक्टोबर 2012 रोजी खाणी थांबवल्या. 21 एप्रिल 2014 च्या निकालात हद्दीबाहेर ढीग टाकायला मनाई केली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 पट्टे रद्द झाले. यंत्रं थांबली, पाऊस थांबला नाही. ‘तात्पुरते’ ढीग तिथेच राहिले, त्यांच्यावरून दर पावसाळ्यात पाणी उतरत राहिलं आणि खाणींचे खड्डे भरत राहिले. खाण बंद असली तरी पंप आणि पहारा लागतोच. तो खर्च खाण चालू असतानाच बाजूला काढलेला हवा.

आपल्या वसईत लोहखनिज नाही. पण पूर्वेला कामण-चिंचोटीच्या बाजूला काळ्या दगडाच्या खदानी आहेत. या दगडातून, म्हणजे बेसॉल्टमधून, सहसा आम्ल येत नाही. इथला त्रास क्रशरच्या भुकटीचा. ती सरीबरोबर ओढ्यात उतरते, ओढ्यातून खाडीत जाते आणि वाटेत मोऱ्या उथळ करते. वसईसारख्या सखल गावाला ओढ्याची एक फूट खोलीही गमावणं परवडत नाही. खदान बंद होताना भुकटीचे ढीग पावसाआधी हलवले का, माथ्यावरचा चर खणला का, तळं उपसलं का, हे ग्रामस्थांनी मे महिन्यातच जागेवर जाऊन पाहावं. जुलैत पाहण्यासारखं फक्त वाहून गेलेलं उरतं.

पुढच्या आठवड्यात याच ढिगांवर परत पसरायच्या वरच्या सुपीक मातीविषयी: ती किती उंच रचली की मरते आणि तोवर जिवंत कशी ठेवायची.